विश्लेषण : भिंतीविना तुरुंग वसवणारे औंधचे राजे, जामिनाच्या वादात भवानरावांची आठवण का?

देशातील तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५ लाख ७३ हजारांहून अधिक बंदी होते. त्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल लागलेला नाही असे. यांना जामीन सुलभ केला तर गुन्हे वाढतील का, हा वाद जुना आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ८० हून अधिक वर्षांपूर्वी याहूनही मोठी जोखीम पत्करली. दोष सिद्ध झालेल्या कैद्यांनाच त्यांनी भिंतीबाहेर ठेवले.

भवानराव पंतप्रतिनिधी कोण होते?

जन्म २४ ऑक्टोबर १८६८. शिक्षण साताऱ्यात आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १९०९ मध्ये ते गादीवर आले. संस्थान लहान, अवघ्या ७२ गावांचे. तेही सलग नाही. औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, कुंडल आणि आटपाडी आजच्या सांगली जिल्ह्यात. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजे ही त्यांची सर्वपरिचित ओळख. ते स्वतः चित्रकार होते. औंधचे श्रीभवानी संग्रहालय त्यांनी उभारले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली, तिथे किर्लोस्करवाडी वसली. इंदूरच्या १९३५ च्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

त्यांनी स्वतःची सत्ता का सोडली?

१९३८ मध्ये त्यांनी कारभार प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. महात्मा गांधींच्या सल्ल्याने राज्यघटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली. पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन ऊर्फ भारतानंद यांचा या कामात मोठा वाटा होता. गावपंचायत हा कारभाराचा पाया ठरला. न्यायदानातही पंचायतीला स्थान मिळाले. गावाचा तंटा गावानेच मिटवावा, ही त्यामागची कल्पना.

स्वतंत्रपूर काय आहे?

याच १९३९ साली, फ्रिडमन यांच्या पुढाकाराने, आटपाडीजवळ कैद्यांची वसाहत सुरू झाली. तिचे नाव ठेवले स्वतंत्रपूर. तिथे तट नव्हता. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी शेती करायचे आणि बायकामुलांसह राहायचे. आटपाडी हा दुष्काळी मुलूख. तिथे रान पिकवणे हीच मोठी मेहनत. पळून जायचे तर वाट मोकळी होती. पण पळणाऱ्याला घर, रान आणि कुटुंब मागे टाकावे लागणार होते. भवानरावांचा भरवसा नुसत्या भाबडेपणावर उभा नव्हता, तो असा.

याचा जामिनाशी संबंध काय?

खुला तुरुंग शिक्षेनंतरचा, जामीन निकालाआधीचा. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही वेगळे. मात्र मोकळा सोडलेला माणूस कशामुळे थांबेल, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. आपल्याकडे त्याचे नेहमीचे उत्तर म्हणजे पैसा आणि जामीनदार. १९७८ च्या मोतीराम खटल्यात मध्य प्रदेशातील एका गवंड्याकडून १० हजार रुपयांचा जामीन मागितला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक ताशेरे ओढले. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात न्यायालयाने जातमुचलक्यावर सोडताना आरोपीचे घर, कुटुंब, कामधंदा, म्हणजेच त्याची समाजातील मुळे पाहावीत, असे सुचवले. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ कोठडीत काढला तर त्याला जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद आहे. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही. एकाहून अधिक गुन्हे वा खटले प्रलंबित असतील तरीही ती मिळत नाही.

मग गुन्हे वाढतात की नाही?

सरसकट उत्तर नाही. न्यूयॉर्क राज्याने २०२० पासून अनेक किरकोळ गुन्ह्यांत रोख जामीन बंद केला. तिथल्या २०२३ च्या एका अभ्यासात बहुतेक आरोपींच्या बाबतीत पुन्हा अटक होण्याचे प्रमाण घटलेले दिसले. ज्यांना नजीकच्या काळात आधीही अटक झाली होती, त्यांच्यात मात्र ते वाढले. म्हणजे सोडावे की नाही यापेक्षा कोणाला आणि कोणत्या आधारावर, हे महत्त्वाचे. स्वतंत्रपूरकडेही तसेच पाहायला हवे. तिथले कैदी मोजके होते. अशा लहान वसाहतीवरून साऱ्या राज्याच्या गुन्हेगारीचा निष्कर्ष काढता येत नाही. पण गंभीर गुन्हा केलेला माणूसही मोकळ्या दारात राहू शकतो, इतके ती नक्की दाखवते.

पुढे काय झाले?

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी भवानरावांचे निधन झाले. संस्थान गेले, राजे गेले. वसाहत टिकली आणि राज्याच्या कारागृह विभागाकडे आली. याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ मध्ये आला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर आटपाडी भागातलेच. पडद्यावरचे सहा कैदी देशभर पोहोचले, त्यांच्यामागचा राजा मात्र फारसा कोणाला आठवत नाही. जामीनदार मिळत नाही म्हणून आज कोठडीत बसलेल्या गवंडी, मजुरांची गोष्ट निघते, तेव्हा तो आठवायला हवा. माणसाला बांधून ठेवायला भिंत आणि पैसा यांखेरीज घर, काम आणि कुटुंबही असते, हे त्याने कागदावर मांडले नाही, आटपाडीच्या माळावर करून पाहिले.