पहिला रिमोट कुणाच्या हातात होता?

तीन-चार वर्षांच्या भाच्याला वाढदिवसाला कुणीतरी रिमोटवाला ट्रक आणतंच. मग घरोघरी एकच सीन. खोका फाटतो, सेल बसतात, रिमोट मामाच्या हातात जातो आणि पुढची वीस मिनिटं मामाच ट्रक सोफ्याखालून काढत बसतो. ज्याचा वाढदिवस तो शेजारी उभा राहून रडतो. हा मामा (किंवा मावशी, आत्या, काका) तुम्हीच असाल, तर रिमोट जरा खाली ठेवा. ज्याच्यामुळे तो तुमच्या हातात आला, त्या निकोला टेस्लाची गोष्ट आधी ऐका. भाच्याच्या कामाची आहे.

टेस्ला म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर इलेक्ट्रिक कार आली असणार. तो मान कंपनीनं नंतर दिलेला. मूळ टेस्ला जन्मला १० जुलै १८५६ ला, स्मिलियान नावाच्या गावात. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, आज क्रोएशियात आहे. वडील सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मगुरू. आई शाळेत न गेलेली, पण घरात लागणारी अवजारं स्वतः बनवणारी. आपल्यातली कल्पकता आईकडून आली, असं टेस्ला शेवटपर्यंत मानायचा.

तीन वर्षांचा असताना, म्हणजे तुमच्या भाच्याच्याच वयात, त्यानं थंडीतल्या एका संध्याकाळी घरच्या मांजराच्या पाठीवरून हात फिरवला आणि ठिणग्या उडाल्या. वडिलांनी सांगितलं की ही वीज आहे, ढगात चमकते तीच. झालं, पोरगं कायमचं त्या नादाला लागलं.

पुढचे उद्योग तर भन्नाट. ओढ्यात फिरणारं चाक केलं, ते झाडाच्या ओंडक्याची नुसती चकती वापरून, पाती नसलेलं. तरी ते फिरलं. छत्री धरून छपरावरून उडी मारली आणि अंथरुणाला खिळला. आजोबांची घड्याळं उघडली. उघडणं दर वेळी जमायचं, पुन्हा जोडणं बऱ्याचदा नाही. आणि एक मोटर केली, चक्क किड्यांवर चालणारी! आपल्याकडे उसाला छळणारे हुमणीचे भुंगेरे असतात ना, त्यांच्या जातकुळीतले किडे त्यानं आडव्या-उभ्या काडीला चिकटवले. त्यांच्या पंखांनी काडी फिरायची आणि काडीमुळे चकती. हा कारखाना बंद पडला तो दुसऱ्या एका पोरामुळे. त्यानं ते भुंगेरे जिवंतच खायला सुरुवात केली. त्यानंतर टेस्लानं किड्याला हात लावला नाही.

हे सगळं सांगायचं कारण, या पोराच्या हातात कुणी तयार यंत्र देऊन हे बटण दाब, ते दाबू नकोस असं सांगितलं नव्हतं. आधी वस्तू हाताळली, उलटी करून पाहिली, मग चालवली. ट्रकच्या बाबतीतही पहिला दिवस असाच जाऊ द्या. सेल न घालता. भाचा ट्रक हातानं ढकलेल, टपात खडे भरेल, चाकं फिरवून बघेल. पुढची चाकं वळली की ट्रक वळतो हे त्याच्या हाताला कळलं, तर उद्या रिमोटवरची वळायची दांडी त्याला समजावून सांगावी लागणार नाही. रिमोट थेट हातात दिला तर तो बटणांकडे बघत बसतो, ट्रककडे बघतच नाही.

टेस्लाची मधली वर्षं भराभर सांगते, कारण ती तुम्हाला अकरावीच्या पुस्तकापासून थोडीफार माहीत आहेत. १८८४ मध्ये तो न्यूयॉर्कला उतरला, काही महिने एडिसनच्या कंपनीत राबला, बाहेर पडला. १८८८ मध्ये एसी मोटरची पेटंटं मिळाली, ती वेस्टिंगहाउसनं घेतली. १८९५ च्या मार्चमध्ये त्याची प्रयोगशाळा जळून खाक झाली. १८९६ मध्ये नायगराची वीज त्याच्या पद्धतीनं बफेलो शहरात पोचली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्याची आणि स्वामी विवेकानंदांची भेट झाली, हे मला हा लेख लिहायला घेईपर्यंत माहीत नव्हतं.

आणि मग १८९८. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधलं वीज प्रदर्शन. टेस्लानं पाण्याच्या टाकीत साधारण चार फुटांची लोखंडी नौका सोडली. आत बॅटरी, मोटर, सुकाणू, वर दिवे आणि अँटेना. वायर कुठेच नाही. टेस्ला लांब उभा राहून एक खोका चालवायचा आणि नौका वळायची, थांबायची, दिवे लावायची. लोकांना वाटलं जादू आहे, नाहीतर आत माकड बसवलंय. टेस्लाही कमी नाटकी नव्हता. त्यानं लोकांना सांगितलं की नौकेला प्रश्न विचारा. कुणीतरी ६४ चं घनमूळ विचारलं. दिवा चार वेळा लुकलुकला. उत्तर अर्थातच टेस्ला देत होता.

आतली करामत साधी आणि सुंदर होती. रेडिओलहर आली की धातूच्या किसाच्या कणांतून वीज वाहू लागायची, आणि पुढच्या संदेशासाठी ती किसाची डबी आपोआप उलटी होऊन कण सुटे व्हायचे. प्रत्येक संदेशाला एक चकती एक घर पुढे सरकायची. एका घराला सुकाणू डावीकडे, पुढच्याला थांब, त्याच्या पुढच्याला उजवीकडे. म्हणजे एकाच प्रकारच्या संदेशावर सगळी कामं, क्रमाने.

जत्रेत मिळणारी एका बटणाची गाडी आठवतेय? आपोआप सरळ पळते, बटण दाबलं की मागे येत वळते, सोडलं की पुन्हा सरळ. एका बटणाची ती काटकसर याच जातीची आहे. आणि खरं सांगू का, तीन वर्षांच्या मुलासाठी सुरुवातीला तीच गाडी बरी. दोन दांड्यांचा रिमोट असेल तर पहिले काही दिवस फक्त पुढे-मागे करू द्या, वळवायचं काम तुमचं. वेग कमी करायची सोय असेल तर ती वापरा. जागा घरातली नको. सोसायटीचं पार्किंग रिकामं असताना किंवा गच्ची उत्तम. ट्रक मुलाकडे तोंड करून येऊ लागला की त्याचं डावं-उजवं उलटं होतं आणि तिथेच सगळे रडतात. म्हणून मुलाला ट्रकच्या मागे उभं करा, दोघांची तोंडं एकाच दिशेला. सेलच्या झाकणाचा स्क्रू घट्ट आहे ना, तेवढं मात्र तुम्ही बघायचं. बटण-सेल असतील तर दोनदा बघायचं. गिळले तर जिवावर बेततं.

पेटंट मिळालं ८ नोव्हेंबर १८९८ ला, क्रमांक ६१३८०९. त्याच्या नावात नौकांबरोबर वाहनंही होती, म्हणजे तुमचा ट्रक त्यात आधीच आला. टेस्लाला वाटत होतं की माणसाशिवाय चालणारी अशी यंत्रं आली की लढाईला अर्थ उरणार नाही. अमेरिका त्याच वर्षी स्पेनशी लढत होती. त्यानं हा शोध सरकारदरबारी नेला, तर वॉशिंग्टनमधला अधिकारी ऐकून हसत सुटला. पेटंटची मुदत संपली तरी कुणी विकत घेतलं नाही. मला या सगळ्या आयुष्यातली सर्वांत वाईट गोष्ट ही वाटते, पुढची गरिबी नव्हे.

त्याला आणखी एक अडचण दिसली होती. दुसऱ्या कुणी तीच लहर सोडली तर? म्हणून १९०० मध्ये त्यानं दोन वेगळ्या लहरी एकदम आल्या तरच यंत्र हलेल, अशी युक्ती मांडली. २७ मेगाहर्ट्झच्या जुन्या खेळण्यांत ही सोय नव्हती. शेजारच्या पोराकडे तसाच ट्रक असला की त्याच्या रिमोटवर तुमचा ट्रक पळायचा आणि भांडणं व्हायची. आताच्या २.४ गिगाहर्ट्झच्या खेळण्यांत रिमोट आणि ट्रकची जोडी ठरते. दोन मुलं असतील तर आधी एकाचा ट्रक-रिमोट चालू करून जोडी जमू द्या, मग दुसऱ्याचा.

पुढे वॉर्डनक्लिफचा मनोरा पैशाअभावी अर्धवट राहिला, १९१७ मध्ये पाडला गेला. टेस्ला हॉटेलांमध्ये राहिला, बिलं थकवली, कबुतरांना दाणे घातले. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. ७ जानेवारी १९४३ ला हॉटेल न्यूयॉर्करच्या ३३२७ नंबरच्या खोलीत तो गेला. पाच महिन्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मार्कोनीच्या रेडिओ पेटंटमधले महत्त्वाचे दावे रद्द ठरवले. आज बेलग्रेडच्या संग्रहालयात सोनेरी गोळ्यात त्याच्या अस्थी ठेवल्या आहेत.