पडद्याआडच्या अशिलांची वकील

कॉर्नेलिया सोराबजी यांच्या बालपणी एक श्रीमंत गुजराती विधवा त्यांच्या आईकडे मदत मागायला आली होती. तिच्या इस्टेटीचा कारभार पाहणाऱ्या इसमाने कोऱ्या कागदावर तिची सही घेतली आणि त्याच कागदाच्या आधारे मालमत्ता बळकावली. ती बाई स्वतः कचेरीत जाऊ शकत नव्हती आणि परक्या पुरुष वकिलासमोर बोलण्याची तिच्या घराण्यात पद्धत नव्हती. अशा स्त्रियांना मदत करायची असेल तर कायदा शीक, असे आईने मुलीला सुचवले. पुढे आपल्या आठवणी लिहिताना कॉर्नेलियाबाईंनी या प्रसंगालाच आपल्या वाटचालीचा आरंभ मानले. आज विधी साहाय्य केंद्र म्हणून जे काम ओळखले जाते, ते या बाईंनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत जवळपास एकटीने केले. तेही बहुतांश काळ हाती वकिलीची सनद नसताना.

त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील सोराबजी खरशेदजी हे पारशी समाजातून ख्रिस्ती धर्मात आलेले मिशनरी होते. आई फ्रान्सिना यांना एका इंग्रज दांपत्याने वाढवले होते. स्त्रीशिक्षणाच्या त्या खंद्या पुरस्कर्त्या होत्या आणि पुण्यात त्यांनी शाळा चालवल्या. बेळगाव आणि पुणे येथे बालपण गेलेल्या कॉर्नेलिया पुढे डेक्कन कॉलेजात दाखल झाल्या. वर्गात सारे पुरुष विद्यार्थी. तरीही त्या अव्वल आल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. या यशाबरोबर इंग्लंडमधील उच्च शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. परंतु ती केवळ स्त्री असल्याच्या कारणाने नाकारण्यात आली. काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवले. अखेर इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी गोळा केली. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही हातभार होता. १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरविल येथे पोहोचल्या.

ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकणाऱ्या त्या पहिल्या महिला. १८९२ मध्ये बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ या परीक्षेची वेळ आली तेव्हा पुरुषांसोबत बसू देण्यावरून वाद उद्भवला आणि विद्यापीठाला त्यांच्यासाठी खास ठराव करावा लागला. परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या, पण पदवी मिळाली नाही. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास १९२० मध्ये सुरुवात केली. कॉर्नेलियाबाईंच्या हाती ती पडली १९२२ मध्ये, म्हणजे परीक्षेनंतर तब्बल तीस वर्षांनी.

१८९३ मध्ये त्या मायदेशी परतल्या आणि खऱ्या अडचणींना सुरुवात झाली. ज्ञान होते, अशील होते, पण न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार नव्हता. काठेवाड आणि इंदूर येथील एजन्सी न्यायालयांत विशेष परवानगीने त्यांनी काही स्त्रियांची बाजू मांडण्याचा प्रयत्न केला. १८९६ मध्ये पुण्यातील एका खुनाच्या खटल्यात त्या आरोपीच्या बचावासाठी उभ्या राहिल्या. फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार न्यायालयाच्या परवानगीने वकिलाखेरीज अन्य व्यक्तीलाही आरोपीतर्फे काम पाहता येत असे. ही व्यक्ती पुरुषच असावी, असे कायद्यात कोठेही म्हटलेले नव्हते. नेमक्या त्या फटीतून त्या आत शिरल्या. ब्रिटिश न्यायालयात बाजू मांडणारी पहिली स्त्री, हा मान त्यांना पुण्यात मिळाला.

मात्र अशा फटींवर कायमचा व्यवसाय उभा राहत नाही. त्यांनी १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएलबी केली. १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही दिली आणि त्यात उत्तीर्ण झाल्या. तरीही न्यायालयाने त्यांचे नाव वकिलांच्या यादीत घेतले नाही. एव्हाना ज्यांच्यासाठी हा अट्टहास चालला होता त्या स्त्रियांची आणि त्यांची स्वतःची अवस्था सारखीच झाली होती. परदानशीन स्त्री रिवाजामुळे न्यायालयाबाहेर होती. तिची वकील नियमामुळे.

या कोंडीतून त्यांनी निराळा मार्ग काढला. १९०२ मध्ये त्यांनी लंडनच्या इंडिया ऑफिसकडे एक योजना मांडली. परदानशीन स्त्रिया आणि अज्ञान वारसांसाठी सरकारने महिला कायदा सल्लागार नेमावी, अशी त्यांची मागणी होती. दोन वर्षांच्या खटाटोपानंतर १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सवर त्यांची महिला सहायक म्हणून नेमणूक झाली.

कोर्ट ऑफ वॉर्ड्स हे नावाने कोर्ट असले तरी प्रत्यक्षात ते महसूल खात्याच्या अखत्यारीतील पालकत्वाचे खाते होते. जमीनदाराचा मृत्यू झाला आणि मागे विधवा वा अज्ञान मुले उरली, की इस्टेटीचा कारभार हे खाते आपल्याकडे घेत असे. शेतसारा वेळेवर वसूल व्हावा, हा सरकारचा त्यातला उघड स्वार्थ. परंतु ज्यांच्या नावे कारभार चाले त्या स्त्रियांना काय हवे आहे, हे जाणून घेण्याचे साधन सरकारकडे नव्हते. अधिकारी पुरुष, मधला कारकून पुरुष, निरोप नेणारा नातेवाईकही पुरुष. पडद्यापलीकडून आलेले उत्तर नक्की त्या स्त्रीचेच आहे की कोणी पढवलेले, हे ठरवणे अशक्य होते.

न्यायालयांनाही या धोक्याची जाणीव होती. परदानशीन स्त्रीने दस्तऐवजावर सही केली एवढे पुरेसे मानले जात नसे. त्यातील मजकूर तिला समजावून सांगितला होता आणि तिने तो स्वेच्छेने मान्य केला होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या दस्तऐवजाचा आधार घेणाऱ्यावर असे. तत्त्व उत्तमच होते. पण त्याचा लाभ मिळण्यासाठी आधी तक्रार न्यायालयापर्यंत पोहोचायला हवी. ती पोहोचवणारी व्यक्ती म्हणजे कॉर्नेलिया सोराबजी.

कलकत्त्याहून निघालेल्या या बाई रेल्वे, होडी, पालखी आणि प्रसंगी हत्तीवरून खेडोपाडीच्या वाड्यांत पोहोचत. बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसाम एवढा त्यांच्या कामाचा विस्तार होता. पोटगी थकलेली विधवा, दत्तकावरून पेटलेली भाऊबंदकी, बनावट कागदपत्रे, वारस असलेल्या लहान मुलाच्या जिवाला असलेला धोका असे नाना प्रश्न समोर येत. कधी सासू-सुनांमध्ये समेट घडवायचा, कधी मुलांच्या शिक्षणाची सोय लावायची, कधी औषधोपचाराची. त्या जनानखान्यात बसून तासन्‌तास ऐकत आणि मग खात्याला अहवाल देत. सुमारे दोन दशकांत अशा सहाशेहून अधिक स्त्रिया व मुलांना त्यांनी साहाय्य केल्याचे सांगितले जाते. काहींचे काम त्यांनी मोबदला न घेता केले. १९०९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले.

पदक मिळाले, पण अधिकार मिळाले नाहीत. त्या सल्ला देऊ शकत, अहवाल लिहू शकत. निर्णय मात्र वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाती असे. प्रकरण न्यायालयात गेले की फाइल पुरुष वकिलाकडे सोपवावी लागे. ज्या स्त्रीने त्यांच्याजवळ मन मोकळे केले होते तिची बाजू ऐन सुनावणीत दुसऱ्यानेच मांडायची, अशी ही व्यवस्था होती. शिवाय चार प्रांतांचा व्याप आणि सल्लागार एकच. अशा प्रशिक्षित स्त्रियांची फळी उभी राहावी हे त्यांचे स्वप्न होते. ते साकार झाले नाही.

काळ मात्र बदलत होता. १९१६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने रेजिना गुहा यांना आणि १९२१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने सुधांशुबाला हाजरा यांना सनद नाकारली होती. त्याच १९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने कॉर्नेलियाबाईंना वकील म्हणून दाखल करून घेतले. १९२३ च्या कायद्याने देशभरातील स्त्रियांवरील बंदी उठली. त्या वर्षी लंडनच्या लिंकन्स इनने त्यांना बॅरिस्टर केले. १९२४ मध्ये त्यांनी कलकत्त्यात वकिली सुरू केली तेव्हा वयाची सत्तावन्न वर्षे उलटली होती. हक्क मिळाला, पण तो उशिरा. वकीलवर्गातील पूर्वग्रह कायम होता आणि युक्तिवादाऐवजी लेखी मते तयार करण्याचेच काम त्यांच्या वाट्याला आले.

त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. ब्रिटिश राज्यावर त्यांची निष्ठा होती आणि गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. १९२७ मध्ये कॅथरिन मेयो यांच्या 'मदर इंडिया' या पुस्तकाने देशात संतापाची लाट उसळली असता कॉर्नेलियाबाईंनी लेखिकेची पाठराखण केली. त्याची किंमत जबर होती. अनेक स्नेही दुरावले, सामाजिक कामासाठी मिळणारा पाठिंबा आटला. ज्या कामाचा सारा डोलारा विश्वासावर उभा होता तो विश्वासच डळमळला. १९२९ मध्ये त्या निवृत्त होऊन लंडनला स्थायिक झाल्या. ६ जुलै १९५४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. स्वतंत्र भारतात त्यांचे नाव दीर्घकाळ फारसे कोणी घेतले नाही.

१९७६ च्या घटनादुरुस्तीने मोफत विधी साहाय्याचे तत्त्व राज्यघटनेत आले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, या साहाय्याचा हक्क दिला. आज जिल्ह्याच्या न्यायालयात त्यासाठी कार्यालय असते, वकिलांची यादी असते. सोराबजींच्या हाती यातले काहीच नव्हते. मात्र अशील दारापर्यंत येऊ शकत नसेल तर वकिलाने तिच्या दारी जायला हवे, हे त्यांना आईकडे आलेल्या त्या विधवेमुळे लहानपणीच कळले होते. कार्यालयाची पायरी चढायला न धजणाऱ्या स्त्रिया आजही आहेत. त्यांच्यापर्यंत कोण पोहोचणार, हा प्रश्न सोराबजींच्या काळाइतकाच आजचाही आहे.