पिवळ्या गळ्याची चिमणी

ज्वारीची कणसे भरू लागली, की फुलंब्रीच्या शिवारात लहान तपकिरी पाखरांचे थवे उतरतात. राखणदार गोफण फिरवितो आणि त्या साऱ्यांना चिमण्याच म्हणतो. परंतु त्यांत घरच्या चिमणीबरोबर गळ्यावर पिवळा ठिपका असलेली रानचिमणी असू शकते. पावसाळ्यात पिवळाधमक पोशाख मिरविणारा, आणि तो सरताच चिमणीच्या मादीसारखा दिसू लागणारा सुगरण नरही असू शकतो. सारख्या दिसणाऱ्या पाखरांतील असा भेद पारखण्याची दृष्टी ज्यांनी असंख्य भारतीयांना दिली, ते थोर पक्षिशास्त्रज्ञ म्हणजे सलीम अली.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. तीन वर्षांच्या आतच मातापित्यांचे छत्र हरपले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीतील आपल्या घरी या पोरक्या भाच्याचा सांभाळ केला. मामांना शिकारीचा नाद होता. भाच्यालाही छर्ऱ्याची बंदूक मिळाली आणि तो चिमण्या टिपू लागला.

एके दिवशी टिपलेली चिमणी त्याला निराळी वाटली. रूप घरच्या चिमणीच्या मादीचेच. पण गळ्यावर मात्र पिवळा डाग! दुसऱ्या मुलाने ती निमूटपणे स्वयंपाकघरात धाडली असती. सलीम ती घेऊन मामांकडे गेला. मामांनाही तिची जात सांगता येईना. तेव्हा त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठविले. हे वर्ष १९०८ होते. मिलार्ड यांनी पक्षी तत्काळ ओळखलाच. शिवाय पेंढा भरून जतन केलेल्या पक्ष्यांचा संग्रह त्या मुलापुढे उघडला. एका ठिपक्याचे, एका पिसाचे महत्त्व त्या दिवशी त्याला कळले आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरली.

ती वाट मात्र सोपी नव्हती. ब्रह्मदेशात घरच्या व्यवसायात काही वर्षे गेली. विद्यापीठाची पदवी नसल्याने पक्षिशास्त्रज्ञाची सरकारी जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नेमणूक झाली. पुढे बर्लिनला जाऊन त्यांनी श्ट्रेझमान या विख्यात शास्त्रज्ञाच्या हाताखाली अध्ययन केले. १९३० मध्ये परतून पाहतात, तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली!

पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम या गावी जाऊन राहिले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. हाती नोकरी नव्हती, पण वेळ भरपूर होता. त्यांनी तो तक्रारीत न घालविता निरीक्षणात घातला. त्यांना असे आढळले, की खोपा विणतो तो नर. अर्धवट विणलेला खोपा मादी येऊन पारखते. तो पसंत पडला की ती तेथे संसार मांडते. नर तो खोपा पुरा करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवा विणू लागतो. जे पक्षी सर्वांच्या डोळ्यांसमोर होते, त्यांचे हे जीवितरहस्य शांतपणे पाहणाऱ्यालाच उलगडले.

पुढे त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. औरंगाबाद जिल्हा, आणि त्यात फुलंब्रीचा परिसर, त्या काळी त्याच संस्थानात मोडत असे. या कामी ह्यू व्हिसलर या नामांकित इंग्रज अभ्यासकाचे त्यांना साहाय्य झाले. त्यांच्या स्नेहाचा आरंभ मात्र मतभेदातून झाला होता. भृंगराज पक्ष्याच्या शेपटीतील लांब पिसांविषयी ग्रंथांतून चालत आलेली चूक सलीम अलींनी दाखविली होती. एका अपरिचित भारतीयाने दोष काढावा, हे व्हिसलर यांना प्रथम रुचले नाही. पण त्यांनी आपले नमुने पुन्हा तपासले आणि चूक मान्य केली. ग्रंथ कितीही मोठ्या माणसाचा असो, अखेरचा निर्णय पक्ष्याचे पीसच देते, हे दोघांनीही जाणले होते.

१९३९ मध्ये तेहमिना यांचे अकाली निधन झाले. हा आघात सोसून त्यांनी कार्य चालूच ठेवले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले आणि सामान्य वाचकालाही चित्रावरून पक्षी ओळखता येऊ लागला. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला त्यांचा दहा खंडांचा महाग्रंथ १९७४ मध्ये पूर्ण झाला. भरतपूरची पाणथळ भूमी आणि केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य वाचविण्यासाठी त्यांनी आपले वजन खर्ची घातले. राष्ट्राने त्यांना १९५८ मध्ये पद्मभूषण व १९७६ मध्ये पद्मविभूषण देऊन गौरविले. आपल्या आत्मचरित्राच्या नावात त्यांनी स्थान दिले ते मात्र त्या चिमणीलाच. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले.

ज्या मुलाने पक्षी मारण्यासाठी प्रथम नेम धरला, त्याच्याच हातून पुढे पक्ष्यांच्या रक्षणाचे एवढे कार्य घडले. बदल घडविला तो नखाएवढ्या पिवळ्या ठिपक्याने, आणि तो ठिपका दिसल्यावर हे असे का, हे विचारण्यावाचून न राहणाऱ्या मनाने.