सातारच्या शाळेंतील गोणपाट

नीरेकांठच्या निरवांगीसारख्या आपल्या खेड्यांत मूल शाळेंत घातलें म्हणजे आईबापांस कृतार्थ वाटतें. परंतु वर्गांत गेलेल्या प्रत्येक मुलास सोबती मिळतोच असें नाहीं. याविषयीं डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या बाळपणाची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजीं महू येथें झाला. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेंत शिक्षक होते. आईचें छत्र लहानपणींच हरपलें. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं सातारच्या सरकारी शाळेच्या पटावर भिवाचें नांव चढलें. पण पटावर नांव चढणें निराळें आणि वर्गांत जागा मिळणें निराळें. महाराचा मुलगा म्हणून तो घरून आणिलेल्या गोणपाटावर सर्वांपासून दूर बसे. शाळेचा नोकर त्या गोणपाटास शिवत नसे, म्हणून तें रोज घरीं न्यावें लागे. तहान लागली तरी नळास हात लावण्याची मनाई होती. शिपायानें तोटी सोडली तर पाणी. शिपाई नसला तर तहान तशीच.

पुढें मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांत शिक्षकांनीं त्यांस फळ्यापाशीं बोलाविलें, तोंच मुलें फळ्यामागें ठेविलेले आपले डबे उचलावयास धांवलीं. हीं मुलें दुष्ट होतीं असें आम्हांस वाटत नाहीं. घरीं वडील माणसें जें करीत, तेंच तीं शाळेंत करीत होतीं.

सातारच्याच शाळेंत आंबेडकर आडनांवाचे एक ब्राह्मण शिक्षक होते. मधल्या सुटींत ते आपली भाजीभाकर या मुलास देत. रूढि त्यांनाही सुटली नव्हती, घांस ते वरून हातावर टाकीत. तरी त्या मायेची आठवण बाबासाहेबांनीं जन्मभर ठेविली.

१९०७ सालीं ते मॅट्रिक झाले. पुढें अमेरिकेंत व इंग्लंडांत त्यांनीं उच्च विद्या संपादिली. १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ते हजारों लोकांसह प्याले. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें मसुदा केलेली राज्यघटना १९५० सालीं अमलांत आली, व तिनें अस्पृश्यता रद्द केली. ६ डिसेंबर १९५६ रोजीं दिल्ली येथें त्यांचें देहावसान झालें.

कायद्यानें नळ खुला झाला. खेळांत कोणास घ्यावें, जेवतांना कोणाशेजारीं बसावें, हें मात्र मुलें घरींच शिकतात. म्हणून आईबापांस आमची विनंति आहे कीं, मूल शाळेंतून आलें म्हणजे त्यास किती गुण मिळाले हें अवश्य विचारावें. आणि आज वर्गांत एकटें कोण बसलें होतें, हेंही विचारावें.