गोव्यातल्या डच कारकुनानं पोर्तुगीजांचा समुद्री रस्ता कसा फोडला?

सप्टेंबर १५८३. लिस्बन सोडून साडेपाच महिने झाल्यावर विशीतला एक डच तरुण गोव्यात उतरला. नाव यान ह्युगेन व्हान लिन्शोटेन. भावाच्या ओळखीनं त्याला गोव्याच्या नव्या आर्चबिशपकडे कारकुनाची नोकरी मिळाली होती.

वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला, तेव्हापासून मिरी, लवंग, जायफळाच्या या रस्त्यावर पोर्तुगीजांची मक्तेदारी होती. तोफांइतकाच तिला आधार होता माहितीचा. कोणत्या महिन्यात निघायचं, वारा कुठे फिरतो, खडक कुठे आहेत, हे सगळं त्यांच्या तांडेलांच्या वह्यांत असायचं. त्या वह्या परक्यांच्या हाती लागू नयेत याची काळजी घेतली जायची.

लिन्शोटेन मात्र आतला माणूस होता. त्यानं हे मार्ग उतरवून घेतले, शिवाय बंदरं, मालाचे भाव, आंबा-फणस, लग्नाच्या वराती, भर रस्त्यात होणारे गुलामांचे लिलाव असं दिसेल ते टिपलं. गंमत म्हणजे गोवा-कोचीच्या पलीकडे पूर्वेला तो कधी गेलाच नाही. चीन-जपानची माहिती त्याला मिळाली ती तिकडे जाऊन आलेल्या दिर्क खेरित्झकडून, जो त्याच्याच गावचा निघाला!

अनेक जण त्याला सरळ गुप्तहेर म्हणतात. पण तो हेर म्हणून आला नव्हता. आर्चबिशप युरोपला जाताना वाटेतच वारले, नोकरीचा आधार तुटला आणि १५८९ च्या सुरुवातीला तो परत निघाला. अझोरेस बेटांवर दोनेक वर्षं अडकून १५९२ मध्ये एन्कहॉयझनला, आपल्या घरी पोचला.

तेव्हा डचांचं स्पेनच्या राजाशी युद्ध सुरू होतं आणि १५८० पासून पोर्तुगालही त्याच राजाकडे होतं. शत्रूच्या व्यापाराचा नकाशाच हाती आल्यावर ॲमस्टरडॅमचे व्यापारी गप्प बसणार होते थोडेच! १५९५ मध्ये त्याची मार्गदर्शिका छापली गेली, १५९६ मध्ये 'इटिनेरारिओ' हा मोठा ग्रंथ आला.

त्यातली एक सूचना फार महागात पडली, पोर्तुगीजांना. मलाक्काची सामुद्रधुनी त्यांच्या ताब्यात होती. लिन्शोटेननं सुचवलं, तिकडे जाऊच नका. सुमात्राच्या दक्षिणेकडून सुंदा सामुद्रधुनीतून जावाला पोचा. कॉर्नेलिस द हाउटमनची चार जहाजं याच वाटेनं १५९६ मध्ये बांतामला लागली. बरेच खलाशी मेले, नफा जेमतेम झाला, पण वाट सापडली.

१५९८ मध्ये ग्रंथ इंग्रजीत आला. १६०० मध्ये इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली, १६०२ मध्ये डचांची. खुद्द मलाक्का डचांनी १६४१ मध्ये जिंकलं.

लिन्शोटेन पूर्वेला परत गेला नाही. तो पुन्हा हिशेबाकडेच वळला. एन्कहॉयझन शहराचा खजिनदार झाला आणि १६११ मध्ये तिथेच वारला.