विश्लेषण : विंडोजला देवनागरी अक्षरे देणारे र. कृ. जोशी कोण होते? 'मंगल' फॉन्टमुळे नेमके काय बदलले?

भरतीची जाहिरात निघाली की टायपिंग क्लासमध्ये पहिली चौकशी होते ती फॉन्टची. परीक्षा 'कृती देव'मध्ये आहे की 'मंगल'मध्ये, यावर पुढचे काही महिने कोणत्या कीबोर्डवर हात बसवायचा हे ठरते. शहापूर, मुरबाडमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींनाही 'मंगल' हा शब्द चांगलाच परिचयाचा आहे. तो फॉन्ट कुणी घडवला, हे मात्र क्वचितच कुणाला सांगता येते.

तो घडला मुंबईत, एका मराठी माणसाच्या मार्गदर्शनाखाली. त्यांचे नाव रघुनाथ कृष्ण जोशी. मराठी कलाक्षेत्र त्यांना र. कृ. जोशी म्हणून ओळखते. कवी, सुलेखनकार, जाहिरात क्षेत्रातील कला दिग्दर्शक आणि आयआयटीतील प्राध्यापक अशी त्यांची कामे होती. विंडोज या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये देवनागरी पहिल्यांदा अंगभूत आली, ती त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या अक्षरांतून.

आधी विंडोजमध्ये मराठी का नव्हती?

विंडोज ९५ आणि विंडोज ९८ या आवृत्त्यांत देवनागरीची सोय नव्हती. तरीही तेव्हा लग्नपत्रिका, हँडबिले, पुस्तके संगणकावरच तयार होत. हे कसे जमायचे? उत्तर आहे, फॉन्टच्या युक्तीने.

संगणक अक्षर ओळखत नाही, तो आकडा ओळखतो. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवरच मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. पडद्यावर 'शहापूर' दिसे, पण फाइलमध्ये साठवलेले असत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे आकडे. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. त्यामुळे एका संगणकावर टाइप केलेला अर्ज दुसऱ्यावर उघडला आणि तिथे तोच फॉन्ट नसला, तर हाती लागे ती निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग. शब्द शोधणे, यादी अकारविल्हे लावणे हेही नीट होत नसे.

भारतात या अडचणीवर आधीपासून काम सुरू होते. पुण्याच्या सी-डॅकचे 'जिस्ट' कार्ड डॉसच्या काळातही भारतीय लिपी दाखवत असे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे राष्ट्रीय मानकही तयार झाले. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्यात देवनागरी होती आणि तिचा क्रम इस्कीवर आधारलेला होता. देवनागरीला १२८ जागांचा सलग गट मिळाला. त्यात 'श'ला २३५८, 'ह'ला २३६१ असे कायमचे क्रमांक ठरले. 'शहापूर' म्हणजे असे सहा क्रमांक, मग संगणक कोणत्याही कंपनीचा असो.

पण क्रमांक ठरले म्हणजे अक्षर दिसत नाही. क्रमांकावरून योग्य आकार उभा करणारा फॉन्ट हवा आणि तो मांडणारी यंत्रणा ऑपरेटिंग सिस्टीममध्ये हवी. यातल्या फॉन्टच्या कामात जोशी आले.

जाहिरातीपासून आयआयटीपर्यंत

जोशी यांचा जन्म १९३६ चा. मुंबईत सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत त्यांचे शिक्षण झाले. नंतर त्यांनी डी. जे. केमर या जाहिरात संस्थेत आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ 'उल्का'मध्ये काम केले. जाहिरातीत अक्षर वाचले गेले पाहिजे आणि डोळ्यांत भरलेही पाहिजे. ही शिस्त त्यांच्या हातात तिथे मुरली.

याच काळात ते कविताही करत. शब्दांचा अर्थ आणि अक्षरांचा आकार एकत्र आणणारी दृश्य कविता हा त्यांचा खास प्रांत होता. भारतीय भाषांना समान लिपी देता येईल का, या विचारातून त्यांनी 'देशनागरी' ही रचनाही मांडली. ती रोजच्या वापरात रुळली नाही. मात्र एकेका भारतीय लिपीच्या हाडापेरांचा त्यांचा अभ्यास किती खोल होता, हे त्यातून दिसते. पुढे विंडोजसाठी अनेक लिप्यांवर काम करताना तोच अभ्यास उपयोगी पडणार होता.

१९८३ मध्ये ते जाहिरात क्षेत्र सोडून आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात, म्हणजे आयडीसीमध्ये शिकवायला गेले. १९९६ पर्यंत ते तिथे होते. मुंबईतच जुहूला 'नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी' (एनसीएसटी) ही सरकारी संशोधन संस्था होती. तिथल्या संगणकतज्ज्ञांबरोबर त्यांचे काम सुरू झाले. 'विन्यास' ही अक्षररचनेची संगणक प्रणाली या सहकार्यातून पुढे आली. बोरूच्या टोकाने कागदावर उमटणारी रेषा गणिताच्या भाषेत कशी सांगायची, हा त्यातला मुख्य प्रश्न होता. आयआयटीतून निवृत्त झाल्यावर ते एनसीएसटीतच काम करू लागले. ही संस्था नंतर सी-डॅकमध्ये विलीन झाली.

'मंगल'मध्ये अवघड काय होते?

इंग्रजीत एक कळ दाबली की एक अक्षर उमटते आणि पुढचे त्याच्या शेजारी बसते. देवनागरीत तसे होत नाही. आपल्याच परिसरातील चार शब्द घेऊन पाहू.

वाशिंद : यात 'श'ला ऱ्हस्व वेलांटी आहे. फाइलमध्ये आधी 'श'चा क्रमांक येतो, मग वेलांटीचा. पडद्यावर मात्र वेलांटी 'श'च्या आधी दिसली पाहिजे आणि वर अनुस्वारही जागेवर बसला पाहिजे.

खर्डी : 'र' आधी टाइप होतो, पण तो रफार होऊन पुढच्या 'डी'च्या डोक्यावर जातो. वेलांटी आणि रफार एकमेकांवर आदळता कामा नयेत.

किन्हवली : 'न' अर्धा होऊन 'ह'ला जोडला जातो. असे जोडाक्षर ओळखून त्याचा वेगळा आकार वापरावा लागतो.

दऱ्या : 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे माळशेज परिसरात दिसतात त्या. दोन्हींत र आणि य आहेत, पण जोडणी वेगळी. 'शेतकऱ्यांचा', 'कातकऱ्यांची' हे शब्दही असेच लिहितात. हा आडवा 'र' हिंदीत लागत नाही, मराठीचे मात्र त्याच्यावाचून अडते.

हे सगळे नियम फॉन्टच्या आत तक्त्यांच्या रूपाने भरावे लागतात. ओपनटाइप या फॉन्ट प्रकारात तशी सोय होती आणि विंडोजमधील 'युनिस्क्राइब' हा भाग ते तक्ते वाचून अक्षरे जुळवत असे. म्हणजे फॉन्टकाराला सुंदर 'क' काढून थांबता येत नव्हते. कोणता 'क' कुणाच्या शेजारी आला की कसा बदलेल, हेही ठरवावे लागत होते.

त्यात त्या वेळचे पडदे कमी क्षमतेचे. देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार यांसाठी जागा लागते. मेन्यूतला मजकूर जेमतेम दहा-बारा ठिपक्यांच्या उंचीत बसवायचा असे. अशा वेळी सुलेखनाची नजाकत बाजूला ठेवून अक्षराच्या पोकळ्या मोकळ्या ठेवणे गरजेचे होते. आयुष्यभर बोरू चालवलेल्या माणसाने साधे, पडद्यावर वाचता येईल असे अक्षर दिले, ते या गरजेतून. 'मंगल'च्या श्रेयात टाइप डायरेक्टर म्हणून रघुनाथ जोशी आणि त्यांच्यासोबत विनय सायनेकर यांचे नाव आहे.

विंडोजमध्ये टप्प्याटप्प्याने काय बदलले?

• २००० : १७ फेब्रुवारीला विंडोज २००० बाजारात आली. देवनागरीसाठी 'मंगल' आणि तमिळसाठी 'लता' हे फॉन्ट तिच्यात होते. फाइलचे नाव मराठीत देणे आता वेगळ्या सॉफ्टवेअरशिवाय शक्य झाले.

• २००१ : विंडोज एक्सपीमध्ये गुजरातीसाठी 'श्रुती', गुरुमुखीसाठी 'रावी', तेलुगूसाठी 'गौतमी' आणि कन्नडसाठी 'तुंगा' आले. मात्र भारतीय लिप्यांची सोय सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागे आणि त्यासाठी विंडोजची सीडी लागे. हे ठाऊक नसल्याने अनेकांच्या संगणकावर मराठीच्या जागी चौकोन दिसत.

• २००४ : एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये बंगालीसाठी 'वृंदा' आणि मल्याळमसाठी 'कार्तिका' यांची भर पडली.

• २००७ नंतर : व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये ही सोय मुळातच सुरू असे. सीडीची गरज संपली.

• २०१२ : विंडोज ८ मध्ये अनेक भारतीय लिप्यांसाठी मिळून 'निर्मला यूआय' हा नवा फॉन्ट आला.

• २०१५ : विंडोज १० मध्ये 'मंगल' ऐच्छिक झाला. हवा असल्यास सेटिंगमधील ऐच्छिक सुविधांतून देवनागरीचे पूरक फॉन्ट घ्यावे लागतात.

हे काम एकाच कंपनीपुरते राहिले नाही. जोशी यांच्याच अक्षरांचा 'रघु' हा फॉन्ट एनसीएसटीने मुक्त परवान्याखाली खुला केला. त्यामुळे लिनक्स वापरणाऱ्यांनाही देवनागरी फॉन्ट विनामूल्य मिळाला.

मग 'मंगल'वर टीका का होते?

छपाईचे काम करणाऱ्यांना 'मंगल' फारसा आवडला नाही. वरच्या-खालच्या चिन्हांसाठी जागा राखल्याने दोन ओळींत अंतर जास्त पडते आणि एका पानाचा मजकूर दुसऱ्या पानावर जातो. पुस्तकाच्या पानावर तो रुक्ष दिसतो. ही तक्रार खरी आहे. पण 'मंगल' पडद्यासाठी बनला होता, पुस्तकासाठी नव्हे. मराठी कार्यालयांत दुसरा युनिकोड फॉन्ट हाताशी नसल्याने तो पत्रापासून अहवालापर्यंत सगळीकडे वापरला गेला. त्याच्या यशामुळेच त्याच्या उणिवाही ठळक झाल्या.

शेवटच्या वर्षांतील काम

शेवटच्या काळात जोशी वैदिक संस्कृतकडे वळले होते. वेदपठणातील स्वर दाखवणारी खुणांची पद्धत शाखेनुसार बदलते. त्या खुणांना संगणकात स्थान मिळावे, यासाठी ते अभ्यास करत होते. संस्कृत मजकूर संगणकात ध्वनीच्या अंगाने कसा साठवावा, या विषयावरील त्यांच्या शोधनिबंधात वेदाभ्यासक टी. एन. धर्माधिकारी आणि ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाचे डॉ. विजय बेडेकर हे सहलेखक होते.

५ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे जोशी यांचे निधन झाले. दोनच महिन्यांनी, एप्रिल २००८ मध्ये आलेल्या युनिकोड ५.१ मध्ये 'ॲ' या अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. 'ॲप' आणि 'बॅंक' यांतला उच्चार मराठीत रोजचा, पण तोवर शब्दाच्या सुरुवातीचा 'ॲ' 'अ'वर चंद्र देऊन जुळवावा लागे आणि काही ठिकाणी तो फुटून दिसे. वैदिक चिन्हांचा स्वतंत्र गट २००९ च्या ५.२ आवृत्तीत आला. या दोन्ही गोष्टी पाहायला ते नव्हते.

वाचकांना याचा उपयोग काय?

ही बातमी तुम्ही मोबाइलवर वाचत असाल तर समोरची अक्षरे 'मंगल'ची नाहीत. अँड्रॉइड आणि आयफोन यांचे देवनागरी फॉन्ट वेगळे आहेत. पण क्रमांकावरून अक्षर जुळवण्याची पद्धत तीच आहे. सातबारा शोधताना तालुका आणि गाव निवडून खातेदाराचे नाव मराठीत टाकता येते, ते अक्षरांचे क्रमांक सगळीकडे सारखे असल्यामुळेच.

टायपिंगची परीक्षा देणाऱ्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

• 'मंगल' हा फॉन्ट आहे, कीबोर्ड नाही. 'मंगल'मध्ये इनस्क्रिप्ट किंवा रेमिंग्टन अशा वेगवेगळ्या मांडणीने टाइप करता येते. म्हणून जाहिरातीत फॉन्टबरोबर कीबोर्डची मांडणीही वाचा.

• 'कृती देव'मधील मजकूर निवडून फक्त फॉन्ट 'मंगल' केला तर तो मराठी होत नाही. कारण आतले आकडे इंग्रजीचेच राहतात. त्यासाठी कन्व्हर्टर वापरावा लागतो आणि नंतर जोडाक्षरे, रफार तपासावे लागतात.

• 'मंगल'मधील मजकुराला दुसरा कोणताही युनिकोड फॉन्ट दिला तरी शब्द बदलत नाहीत, फक्त वळण बदलते. जुनी कागदपत्रे टिकवायची असतील तर ती युनिकोडमध्ये आणून ठेवणे शहाणपणाचे.

नव्या संगणकांवर 'मंगल' आता आपोआप येत नाही. मराठी ही विंडोजची अंगभूत भाषा असू शकते हे त्याने दाखवून दिले आणि तेवढे काम संपवून तो मागे सरला. पुढच्या वेळी 'दऱ्या' टाइप करताना तो आडवा 'र' जागच्या जागी बसला, तर त्यामागे र. कृ. जोशी यांच्या पिढीचे कष्ट आहेत, एवढे आठवले तरी पुरे.