पाखरांना वाट पुसणाऱ्या अक्कमहादेवी



सृष्टी पाहून परमेश्वराची स्तुती करणे सोपे वाटते. पाऊस पडून गेला, डोंगर हिरवे झाले, की नास्तिकाच्या मुखातूनही वाहवा निघते. परंतु अंगावर वस्त्र नाही, उद्याच्या अन्नाची शाश्वती नाही, अशा अवस्थेत वनातील एकेका वृक्षाला हाक मारीत शिवस्तुती करणे फार थोड्यांना साधले. त्या थोड्यांत शिवशरणी अक्कमहादेवींचे स्थान अग्रभागी आहे. आज त्यांचे चरित्र या अंगाने पाहू या.

बाराव्या शतकात, आजच्या कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात शिकारीपूरजवळच्या उडुतडी गावी महादेवीचा जन्म झाला. पिता निर्मलशेट्टी, माता सुमती. बालवयातच तिचे मन चेन्नमल्लिकार्जुनावर जडले. चेन्न म्हणजे सुंदर, मल्लिका म्हणजे मोगरा. पुढे वचनांचे अंकित म्हणून तिने हेच नाव घेतले. देवाच्या नावातच फूल असल्याने तिच्या वचनांत वन आणि देव वेगळे करता येत नाहीत.

तेथील राजा कौशिक तिच्या रूपावर मोहित झाला. विवाह झाला आणि राजाने अटी मोडल्यावर ती निघाली, असे तेराव्या शतकातील हरिहर कवी सांगतो. पंधराव्या शतकातील चामरस विवाह झालाच नाही असे मानतो. ती राजवैभव आणि वस्त्रही त्यागून, केवळ केशसंभाराने देह झाकून, करस्थली इष्टलिंग धरून एकटी निघाली, ही गोष्ट मात्र परंपरेने एकमुखाने जपली आहे. शरण सती, लिंग पती हा भाव तिने नुसता बोलून दाखविला नाही. तो जगण्यात आणला.

शेकडो मैल चालून ती कल्याणास, म्हणजे आजच्या बसवकल्याणास, पोहोचली. अनुभवमंटपात अल्लमप्रभूंनी तिची कठोर परीक्षा घेतली. सर्व त्यागिले, तर केसांचे आवरण कशाला, असा त्यांचा रोख होता. तिने उत्तरादाखल फळ पुढे केले. आतला गर पिकेपर्यंत वरची साल रंग बदलत नाही. शिवाय उघडा देह पाहून इतरांचे मन ढळू नये, हाही हेतू तिने सांगितला. शास्त्राचा आधार न घेता झाडावरच्या फळाचा आधार घेणाऱ्या या तरुणीला बसवण्णांसह सर्व शरणांनी अक्का म्हटले. कन्नडमध्ये अक्का म्हणजे थोरली बहीण.

तेथून अक्का श्रीशैलाकडे निघाल्या. नल्लमलाचे ते अरण्य आजही घनदाट आहे. तेथे त्या पोपटांना, कोकिळांना, भ्रमरांना, सरोवरातील हंसांना आपल्या स्वामीचा ठाव पुसत फिरल्या. त्यांची सुमारे ४३० वचने आज उपलब्ध आहेत. त्यांत कोशात स्वतःला कोंडणारा रेशमाचा किडा आहे, डोंगर आहे, सागर आहे. सृष्टी त्यांच्यासाठी शोभेची वस्तू नव्हती, पाठशाळा होती.

येथे एक शंका आपल्या मनात येईल. इष्टलिंग तळहातावर असताना बाहेर वृक्षांना पुसण्याचे कारण काय? शरणांनी तर झाडाझुडपांची, दगडधोंड्यांची पूजा निषिद्ध मानली. वाचकहो, नीट पाहा. अक्कांनी वृक्षाची पूजा केली नाही; वृक्षाला प्रश्न केला. पूजा लिंगाचीच. पण जो तळहातावर आहे, तोच वनात भरून आहे, ही खूण पटल्यावर पाखरू परके कसे राहील? इष्टलिंग ही विश्वाकडे पाहण्याची दृष्टी आहे, विश्वाकडे पाठ फिरविण्याचे निमित्त नव्हे.

आणखी एक गोष्ट. अक्कांच्या स्तुतीत तक्रार आहे. सारे वन तूच असून मुख का लपवितोस, असा त्यांचा भाव. सुखात केलेली स्तुती आभारापाशी थांबते. विरहात केलेली स्तुती देवाचा पदर सोडत नाही. म्हणून ज्यांच्या घरी यंदा पीक बुडाले, ज्यांचे माणूस गेले, त्यांनीही आपल्याला स्तुतीचा अधिकार नाही असे मानू नये.

श्रीशैलाच्या कदलीवनात अक्का लिंगैक्य झाल्या, अशी परंपरा आहे. तेथे कृष्णाकाठी त्यांच्या नावाची गुहा दाखवितात. ही कृष्णा आपल्या महाबळेश्वरी उगम पावते आणि सांगली, मिरजेवरून वाहत तेथे पोहोचते. अक्कांनी जे पाणी प्राशन केले, ते आपल्याच डोंगरांवर पडलेले होते.

तेव्हा उद्या प्रातःकाळी लिंगपूजा आटोपल्यावर क्षणभर अंगणात उभे राहा. समोरच्या झाडावर जे पाखरू बसले असेल, त्याला अक्कांचा प्रश्न मनोमन विचारा. ते उडून जाईल. प्रश्न मात्र आपल्यापाशी राहू द्या.

शरणु शरणार्थी.